एका विदेशी वडीची वंशावळ

पदार्थांचा इतिहास लिहावयास बसणाऱ्यापुढे पहिली अडचण ही उभी राहते, की ज्यांनी पदार्थ घडविला त्यांना लिहावयास सवड नव्हती, आणि ज्यांना सवड होती ते बहुधा केवळ जेवावयास बसले होते. लढाईचा वृत्तांत बखरकार लिहितो, जमाखर्च फडणीस लिहितो. परंतु चुलीपुढे आज साखर किती घातली, काल जाळ किती ठेवला, याची नोंद ज्या हातांनी ठेवावयाची ते हात पिठात बुडालेले असतात. म्हणूनच पदार्थाच्या जन्माविषयी जी कथा आपल्यापर्यंत पोचते ती पुष्कळदा यजमानाची असते, आचाऱ्याची नसते.

या विधानाचे एक उदाहरण म्हणून अमेरिकेतील एका चौकोनी वडीकडे पाहावे. तिला तेथे ब्राउनी म्हणतात. चॉकलेटच्या दाट, ओलसर थरावर मऊ चीजचे पांढरे मिश्रण ओतावयाचे, त्यावर चेरी, रासबेरी किंवा अन्य फळाच्या मुरंब्याचे थेंब सोडावयाचे, सुरीच्या टोकाने तिन्ही रंग एकमेकांत फिरवून नक्षी उठवावयाची, आणि सारे भट्टीत भाजून, पूर्ण निवल्यावर वड्या पाडावयाच्या, असा हा प्रकार आहे. आज दिल्ली, कलकत्ता किंवा बंगलोर येथील मराठी बिऱ्हाडांतही मुले तो हौसेने करतात. तो एका माणसाने एका दिवशी शोधून काढलेला नाही. तीन निरनिराळे प्रवाह एका पत्र्याच्या ताटात येऊन मिळाले, तेव्हा तो सिद्ध झाला.

पहिला प्रवाह चॉकलेटच्या वडीचा. तिची लोकप्रिय जन्मकथा शिकागोची आहे. 1893 साली त्या शहरी कोलंबसच्या प्रवासाच्या चारशेव्या वर्षानिमित्त जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याच प्रसंगी भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले, आणि मुंबईच्या ब्राह्मसमाजाच्या वतीने नागरकर हे मराठी गृहस्थही तेथे उपस्थित होते, म्हणून आपल्याला ते वर्ष परिचयाचे आहे. प्रदर्शनातील स्त्रियांच्या विभागाची सूत्रे बर्था पामर या श्रीमंत व कर्तबगार बाईंच्या हाती होती. त्यांच्या पतीचे पामर हाउस हे हॉटेल 1871 साली उघडल्यावर पंधरवड्याच्या आतच शिकागोच्या महाभयंकर आगीत भस्मसात झाले होते, आणि पुन्हा उभे राहिले होते. प्रदर्शनात येणाऱ्या स्त्रियांच्या शिदोरीच्या डब्यात ठेवता येईल, हात न माखता खाता येईल, आणि केकच्या तुकड्याहून आटोपशीर असेल असे काही गोड करा, अशी आज्ञा बाईंनी हॉटेलच्या आचाऱ्यांस केली, आणि अक्रोड घातलेली व वरून जरदाळूच्या पाकाचा मुलामा दिलेली चॉकलेटची वडी तयार झाली, अशी त्या हॉटेलची परंपरा सांगते.

कथा सुरेख आहे. परंतु छापील पुरावा निराळ्या वाटेने चालतो. बोस्टनच्या पाकशाळेच्या प्रमुख फॅनी फार्मर यांचे पाकशास्त्रावरील प्रसिद्ध पुस्तक 1896 साली निघाले. त्यात ब्राउनी हे नाव आहे, पण चॉकलेट मुळीच नाही. तेथे काकवी, लोणी, साखर, अंडे, पीठ व पेकनचे दाणे यांचे लहान लहान साच्यांत भाजलेले केक सांगितले आहेत. म्हणजे नाव आले ते काकवीच्या तांबूस रंगाबरोबर. चॉकलेट त्या नावात शिरले ते विसाव्या शतकाच्या प्रारंभी. त्याच पुस्तकाच्या 1906 च्या आवृत्तीत चॉकलेटची ब्राउनी दिसते, आणि तिच्यात एक पेला साखरेस पीठ अवघे अर्धा पेला आहे. या प्रमाणातच तिचे सारे रहस्य साठविले आहे. पीठ कमी, साखर व लोणी अधिक, म्हणून ती केकसारखी फुगत नाही आणि बिस्किटासारखी कडकही होत नाही. आपल्या वडीसारखी ताटात बसते आणि सुरीने कापली जाते.

दुसरा प्रवाह चीजच्या केकचा, आणि तो फार दुरून आलेला आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात रोमन मुत्सद्दी केटो याने शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात लिबम नावाचा देवाच्या नैवेद्याचा पदार्थ दिला आहे. दोन भाग चीज खलात कुटावे, त्यात एक भाग पीठ व एक अंडे घालून मळावे, गोळा पानांवर ठेवावा आणि ऊन चुलीवर मातीच्या भांड्याखाली झाकून मंद भाजावा. कोकणातील पानगी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. पुढे चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यातील आचाऱ्यांनी सिद्ध केलेल्या पाकसंग्रहात दह्यादुधाच्या चोथ्यात एल्डरची फुले घालून केलेल्या अशाच एका पदार्थाची कृती आढळते. मध्य व पूर्व युरोपात हा केक घरोघर होत राहिला. ज्यू लोकांच्या शावुओत या सणास दुधाचे पदार्थ करण्याची चाल असल्याने त्यांच्या घरी त्यास विशेष मान मिळाला.

ही माणसे एकोणिसाव्या शतकात व विसाव्याच्या आरंभी लाखोंच्या संख्येने अमेरिकेस गेली, तेव्हा केकची आठवण बरोबर गेली. गावचे ताजे चीज मात्र मागे राहिले. त्याची जागा तेथे निघालेल्या एका नव्या वस्तूने घेतली. 1872 साली न्यूयॉर्क राज्यातील चेस्टर गावच्या विल्यम लॉरेन्स या दुग्धव्यावसायिकाने नेफशातेल या फ्रेंच धर्तीच्या चीजमध्ये साय मिसळून अधिक स्निग्ध असे क्रीम चीज बनविण्यास आरंभ केला. 1880 च्या सुमारास रेनल्ड्स नावाच्या व्यापाऱ्याने त्यास फिलाडेल्फिया हे नाव दिले. माल न्यूयॉर्क राज्याचा आणि नाव पेनसिल्व्हेनियातील शहराचे! कारण इतकेच, की दूधदुभत्याच्या बाबतीत त्या शहराच्या परिसराचा लौकिक मोठा होता. याच फिलाडेल्फियास 1883 साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी गेल्या, 1886 च्या मार्चमध्ये त्यांना तेथे पदवी मिळाली, आणि तो समारंभ पाहण्यास पंडिता रमाबाई मुद्दाम हजर राहिल्या. आपल्या वाचकांच्या मनात त्या नगराचे नाव या दोन स्त्रियांमुळे कोरले गेले आहे. जगाच्या बाजारात मात्र ते चीजच्या वेष्टणावरून फिरते.

हे क्रीम चीज म्हणजे आपल्या चक्क्याचा दूरचा भाऊबंद होय. दोन्हींत दुधाला विरजण लागून ते आंबते, आंबटपणाने दाट होते, आणि मग पाणी निथळून घेतात. भेद एवढाच, की चीजमध्ये स्निग्धांश पुष्कळ अधिक आणि आंबटपणा कमी असतो. न्यूयॉर्कमधील भोजनगृहांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच चीजचा दाट, उंच केक लोकप्रिय केला, आणि स्थलांतरितांच्या घरचा सणाचा पदार्थ त्या शहराची ओळख होऊन बसला. पूर्वीचे चीज मिळेना म्हणून पत्करलेला पर्यायच पुढे खरी चव ठरला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तिसरा प्रवाह फळांचा. थंड मुलुखात बेरीचा हंगाम थोडक्या आठवड्यांचा. ती वर्षभर टिकवावयाची तर साखरेत शिजवून बंद करून ठेवणे भाग. 1858 साली जॉन मेसन याने आट्याच्या झाकणाच्या काचेच्या बरणीचे पेटंट घेतले, आणि गृहिणींच्या फडताळांत मुरंब्यांच्या ओळी लागल्या. ब्राउनीच्या नक्षीस ताजे फळ सहसा चालत नाही, याचे कारणही येथेच आहे. ताज्या फळात पाणी फार. भट्टीत ते सुटते आणि वडी चिखलासारखी होते. शिजवून आटविलेल्या फळात पाणी कमी, साखर व पेक्टिन अधिक, म्हणून त्याची रेघ ओतली तशी राहते.

या तिन्ही प्रवाहांना एकत्र आणणारी चौथी गोष्ट म्हणजे माप. ‘मूठभर’, ‘अंदाजाने’, ‘लागेल तितके’ ही पाककृतीची जुनी भाषा आईजवळ शिकणाऱ्या मुलीस पुरत होती. आईपासून हजार मैलांवर संसार मांडणाऱ्या मुलीस ती पुरेना. फॅनी फार्मर यांनी पेला व चमचा काठोकाठ भरून सुरीने सपाट करावा, असा आग्रह धरला. शालेय वयातच पक्षाघाताने त्यांचे चालणे अडले होते आणि शिक्षण थांबले होते. त्यांच्या पुस्तकावर प्रकाशकाचा विश्वास इतका थोडा, की पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च त्यांनाच सोसावा लागला. ते पुस्तक पुढे घरोघर गेले. आपल्याकडे कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने 1970 साली वाटी-चमच्याचे प्रमाण देऊन हेच कार्य केले. परगावी नोकरीच्या बिऱ्हाडात एकटीने स्वयंपाक शिकलेल्या किती स्त्रियांना त्या वाटीने आधार दिला असेल, हे या वाचकवर्गास सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष कृतीचा थोडा विचार करू. आठ इंची चौकोनी ताटास सुमारे 115 ग्रॅम लोणी व तितकेच कडसर चॉकलेट एकत्र वितळवून त्यात एक पेला साखर, दोन अंडी व अर्ध्या पेल्याहून किंचित अधिक मैदा घालतात. वरच्या थरासाठी सुमारे 225 ग्रॅम क्रीम चीज, पाव पेला साखर व एक अंडे. चीज थंडगार असेल तर गुठळ्या राहतात, आणि फार फेटले तर हवा शिरून ते भट्टीत फुगते व निवताना तडकते. मुरंबा तीन-चार मोठे चमचे पुरे. सुरी तीन-चार वेळाच फिरवावी. अधिक फिरविली की तीन रंगांचा एकच मातकट रंग होतो. फॅरनहाइटच्या 350 अंशांवर, म्हणजे सेल्सिअसच्या सुमारे 175 अंशांवर, पस्तीस ते चाळीस मिनिटे लागतात. मध्यभाग किंचित डुलत असतानाच ताट बाहेर काढावे, कारण अंड्याचे बांधणे उरलेल्या उष्णतेने पुरे होते. क्रीम चीज न मिळाल्यास चक्का चांगला दाबून, त्यात चमचाभर मैदा मिसळून घेता येतो. चव थोडी आंबट होते, परंतु वडी बिघडत नाही.

कृती अशी चार ओळींत सांगून होते. श्रेयाचा प्रश्न मात्र तसा सुटत नाही. शिकागोच्या कथेत आपल्याला हॉटेलच्या मालकिणीचे नाव समजते. ज्या आचाऱ्याने हात भाजून घेत पहिले ताट बाहेर काढले असेल, त्याचे नाव ती कथा सांगत नाही. त्या प्रदर्शनात स्त्रीजातीचा गौरव करण्यासाठी सोफिया हेडन या तरुण स्त्रीशिल्पज्ञाने आखलेली स्वतंत्र इमारत होती. तथापि व्यवस्थापक स्त्रियांच्या मंडळात एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला सभासदत्व मिळाले नाही. या वगळणुकीविरुद्ध आयडा वेल्स यांनी फ्रेडरिक डग्लस प्रभृतींच्या साहाय्याने एक पुस्तिका काढून ती प्रदर्शनातच वाटली. त्याच प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन ही गुलामगिरीत जन्मलेली स्त्री एका कंपनीच्या तयार पिठाच्या धिरड्या करून दाखवीत होती. लोकांनी तिला ओळखले ते जेमायमा मावशी या व्यापारी नावाने; तिच्या स्वतःच्या नावाने नव्हे. ते व्यापारी नाव 2021 साली मागे घेण्यात आले. एका नावाचे ओझे उतरावयास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. मंडळाच्या दालनात जिला जागा नव्हती, ती चुलीपुढे मात्र चालत होती, असा याचा अर्थ होतो. आणि ही रीत केवळ अमेरिकेची आहे असे छातीवर हात ठेवून आपल्यालाही म्हणता येणार नाही. आपल्या वाड्यांतील पंक्तींची वर्णने यजमानाच्या नावाने चालत आली; पुरण वाटणाऱ्या आश्रित विधवेचे नाव त्यांत किती ठिकाणी आहे?

म्हणून एखादा पदार्थ अमक्याने शोधला असे ऐकले, म्हणजे तो कोणी करविला आणि कोणी केला, असे दोन प्रश्न विचारण्याची सवय इतिहासाच्या अभ्यासकाने लावून घ्यावी. पहिल्याचे उत्तर शिलालेखावर मिळते. दुसऱ्याचे उत्तर पुष्कळदा प्रमाणातच दडलेले असते. काकवीच्या जागी चॉकलेट आले, गावच्या चीजच्या जागी क्रीम चीज आले, ताज्या फळाच्या जागी मुरंबा आला. या प्रत्येक बदलामागे कोणीतरी घर सोडून आलेले, हाताशी असेल त्यावर भागविणारे आणि तरीही सणावारी मुलांच्या हातावर गोड ठेवू पाहणारे माणूस आहे.

बदलीच्या हुकुमाबरोबर बिऱ्हाड उचलणाऱ्या आपल्या घरांतही हेच चालत आले आहे. पाटण्यास कोल्हापूरचा गूळ मिळेना, शिलाँगला आंबेमोहोर मिळेना, म्हणून पोळी आणि वरणभात थांबले नाहीत. ते थोडे बदलले. ज्या गृहिणीने तो बदल केला तिचे प्रमाण एखाद्या जुन्या वहीत, तेलाच्या डागांखाली, पुसट अक्षरांत असेल. त्या पानावर तिचे नाव, गावाचे नाव आणि साल घालून ठेवणे एवढे काम आपल्या हातचे आहे.