धोबीतलावाला उतरा

ट्राममधून उतरल्यावर तलाव शोधू नका, तो कधीच बुजवला. साल १९१७, महिना जुलै. तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात. रत्नागिरीहून मॅट्रिक होऊन आलात, गिरगावात मामांच्या दोन खोल्यांत गॅलरीत पथारी टाकता. अंगात लांब कोट, डोक्यावर काळी टोपी, धोतराचा सोगा चिखलाने माखलेला. कयानीच्या इराण्याकडून मस्क्याचा वास येतोय. तिथे पाऊल टाकायचं नाही अशी मामींची सक्त ताकीद आहे. तुम्ही टाकलंय. मामींना ठाऊक नाही.

आजूबाजूच्या गल्ल्यांत गोवेकरांचे कूड आहेत. गावागावाच्या नावाने चालणाऱ्या त्या खोल्यांत बोटीवरच्या नोकरीची वाट पाहणारे खलाशी आपापल्या ट्रंकांना टेकून बसलेत. त्यांच्या कोकणीतले बरेच शब्द तुम्हाला कळतात आणि मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा जरा बरं वाटतं.

क्रुकशँक रोडला वळा. उजवीकडे एस्प्लनेडचं मैदान, पावसाने हिरवंगार. डावीकडे काळसर दगडाच्या टोकदार कमानी दिसल्या की आत शिरा. हे सेंट झेवियर्स. जेझुइट पाद्रींनी १८६९ साली काढलेलं कॉलेज. पुढे याचा एवढा बोलबाला होईल की प्रवेशासाठी ओळखी काढाव्या लागतील. पण तुम्ही आलात त्या वर्षी इथे सगळी ओढाताणच आहे.

कारण साधं आहे: शिकवायला माणसं नाहीत. इथले बहुतेक फादर जर्मन होते. १९१४ साली लढाई सुरू झाली आणि काल वर्गात लॅटिनचे पाठ घेणारा माणूस आज सरकारच्या लेखी शत्रू ठरला. पुष्कळांना अहमदनगरच्या छावणीत नेऊन ठेवलं, मग १९१६ साली ‘गोलकोंडा’ बोटीवर चढवून मायदेशी पाठवलं. मुंबईचे आर्चबिशप युर्गेन्स हेही जर्मन. ते त्याच वर्षी वारले आणि त्यांची गादी अजून रिकामी आहे. उरले ते स्विस, इंग्रज आणि इकडचे तिकडचे. ऑल्बन गुडियर नावाचे इंग्रज फादर इंग्रजीचे वर्ग सांभाळतात. दोन वर्षांनी तेच आर्चबिशप होतील, पण आज त्यांच्यापुढे तुमचे निबंध आहेत आणि त्यातलं तुमचं इंग्रजी.

मधल्या चौकात उभे राहा आणि कान द्या. पारशी पोरं क्रिकेटवर हुज्जत घालताहेत, दोन गुजराती मुलं नोट्स उतरवून घेताहेत, वांद्र्याचे ख्रिस्ती विद्यार्थी प्रार्थनेहून परतताहेत. कॉलेज कॅथलिक, पण वर्गात बसणाऱ्यांची जातकुळी अशी भेळमिसळ. मामांना भीती होती की पोरगा बाटेल. तुम्हाला धास्ती आहे ती इंटरमीजिएटच्या गणिताची.

गेलेल्या जर्मनांविषयी पोरांच्या मनात काय आहे, हे कुणी उघड बोलत नाही. इंग्रजांचा शत्रू तो आपला कोण, हा प्रश्न खानावळीत ताकाच्या वाटीबरोबर चघळायचा. टिळक मुंबईत आले की सरदारगृहात उतरतात आणि ते इथून पायी काही मिनिटांवर. होमरूलचा जोर आहे. संध्याकाळी तास बुडवून तिकडे जाणारी मुलं सकाळी हजेरीला मात्र चोख. टर्म भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही, आणि स्वराज्य आलं तरी बी.ए. लागणारच असा सर्वांचा पक्का समज.

आता प्राणिशास्त्राच्या वर्गात डोकावा. प्रा. मलन शिकवताहेत. एका बाकावर विशीतला किरकोळ अंगाचा मुलगा आहे. हा सकाळी दावरांच्या कॉमर्स कॉलेजात जमाखर्च आणि कायदा शिकतो, मग इथे येतो. याच कॉलेजचं पहिलं वर्ष त्याला झेपलं नव्हतं. लॉगरिथम आणि तत्सम गणितापुढे हात टेकून तो कॉलेज सोडून ब्रह्मदेशात तॅव्हॉयला गेला होता, घरच्यांच्या खाण-लाकडाच्या धंद्यात मदत करायला. तिथे धंद्यापेक्षा पाखरंच जास्त पाहिली. परत आल्यावर फादर ब्लॅटर यांनी त्याचा कल ओळखला आणि त्याला प्राणिशास्त्राकडे वळवलं. नाव सालिम अली. तुम्हाला ते नाव लक्षात राहणार नाही, कारण आज ते कुणाच्याच लक्षात राहण्यासारखं नाही. १९८५ साली त्याचं आत्मचरित्र प्रसिद्ध होईल तेव्हा हे सगळं त्यात येईल.

माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींचा मला एरवी कंटाळा आहे. जिन्यावरच्या गप्पा, कँटीनचा चहा, ‘ते दिवस’ यापलीकडे त्या फारशा जात नाहीत, आणि नापास झालेले त्या लिहीतच नाहीत. इथे मात्र एक नापास मुलगा त्याच दारातून पुन्हा आत आला. शिक्षक तोकडे पडलेल्या, जेमतेम तग धरून असलेल्या कॉलेजात एका माणसाला त्याच्याकडे नीट पाहायला सवड झाली. कॉलेज लहान असण्याचा फायदा सांगा म्हटलं तर मी एवढाच सांगेन.

तेच फादर ब्लॅटर तुम्हालाही भेटतील. स्विस असल्यामुळे ते राहिले. काळा झगा, दाढी, आणि खोलीभर वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबलेली झाडं. टिपकागद, ऊन दाखवलेल्या फांद्या आणि कीड लागू नये म्हणून लावलेल्या औषधाचा उग्र दर्प. पहिल्यांदा नाकाला रुमाल लावाल. रविवारी कुर्ल्यापलीकडच्या रानात गेला होतात तिथून टाकळा, कुरडू, फोडशी उपटून आणलीत, तर ती इथे भाजी म्हणून कुणी निवडत नाही. मूळ, पान, फूल, कुठल्या तारखेला, कुठल्या उतारावर, सगळं चिठ्ठीवर लिहा. तारीख विसरलात तर पुन्हा त्या रानात जा. जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटातल्या वनस्पतींवरचं ब्लॅटर आणि हॅलबर्ग यांचं काम पुढच्याच वर्षापासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात येऊ लागेल. त्या वाळवंटी झाडांच्या अंतर्रचनेवर टी. एस. सबनीस नावाचा आपला माणूस निबंध लिहील. तुम्ही मात्र इतिहास घेतलाय. मामांच्या मते त्याने मामलेदार कचेरीत चिकटता येतं.

नऊ वर्षं पुढे या. १९२६. तुम्ही खरंच कारकून झालात, गिरगावात स्वतःची खोली आहे, आणि धाकट्या भावाला घेऊन त्याच कमानीखाली उभे आहात. आता बहुतेक फादर स्पॅनिश आहेत. जर्मनांच्या जागी ते आले. संस्कृतला फादर झिमरमन आहेत, ज्यांनी पीटर्सनच्या ऋग्वेदसूक्तांच्या निवडीवर नव्याने हात फिरवला. एका परदेशी पाद्र्याकडून भाऊ वेद शिकणार, हे ऐकून आई गावी दोन दिवस जेवली नव्हती, मग जेवली.

इतिहासाला फादर हेरास. १९२२ साली ते आले तेव्हाची गोष्ट कॉलेजात अजून सांगतात: कुठला इतिहास शिकवाल असं विचारल्यावर त्यांनी उलट विचारलं, मुलांना कुठला सर्वांत कमी येतो? उत्तर मिळालं, हिंदुस्थानचा. मग तोच. गोष्टीला थोडा मुलामा चढला असेल. पण याच वर्षी त्यांनी कॉलेजात इतिहास संशोधन संस्था काढली आहे, आणि विजयनगरच्या अरविडू घराण्यावरचं त्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी येतंय. तुमच्या वेळी इतिहास म्हणजे ट्यूडर राजे आणि सनावळी होती. भावाच्या वहीत शिलालेख आहेत, ताम्रपट आहेत, आणि एका नाण्याचा पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा.

दिवाळीला तो घरी येत नाही. कार्ड येतं. फादर म्हणतात, पुस्तकात वाचून भागत नाही, जागेवर जाऊन दगड पाहायला हवा. तेव्हा मित्रांबरोबर जातोय, तिसऱ्या वर्गाचं भाडं आणि वरखर्चाला पाच रुपये लागतील, मनिऑर्डर लवकर करावी. खाली तिरक्या अक्षरात: वहिनीला सांगू नये.