रांजण

आमच्या बचत गटाची सहल तारकर्लीला गेली. होडीवाल्याला पैसे मोजले अन् डॉल्फिनची पाठ दिसताच आम्ही घाटघरच्या बाया ओरडलोच! देवमासा काही दिसला नाही. मालवणला सिंधुदुर्ग पाहिला, शिवरायांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला.

मला मात्र आमचा नाणेघाट आठवला. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, सोपारा-कल्याण बंदरांतला माल याच वाटेनं जुन्नरला चढायचा. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असं सांगतात. लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे. यज्ञात दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापण नाणी, सगळं आकड्यांसकट. बाईचा हिशेबच की!

आता पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला गाड्यांची रांग लागते. डबा त्यांचा, कचरा आमचा. रांजण रिकामाच. परतीच्या गाडीतच ठरलं, यंदा घाटावर गटाची पिठलं-भाकरीची चूल मांडायची. वही माझ्याकडे आहे.