जनरेट रचना (हार्डवेअर वर्णनभाषा)

व्हेरिलॉग, व्हीएचडीएल यांसारख्या हार्डवेअर वर्णनभाषांत अटी व आवर्तने वापरून मंडलाचे प्रतिमान आपोआप उभारण्याची सोय. व्हीएचडीएलमध्ये ती १९८७ च्या पहिल्या आयईईई मानकापासून आहे. व्हेरिलॉगच्या मानकात ती २००१ च्या आवृत्तीत आली.

कार्यपद्धती : या अटी व आवर्तने सिम्युलेशन सुरू होण्याआधीच, एलॅबोरेशनच्या (वर्णनातून मंडलाची रचना उलगडण्याच्या) टप्प्यात सुटतात. त्यामुळे आवर्तनांची संख्या आणि अटींतील मूल्ये स्थिरांक किंवा पॅरामीटर असावी लागतात. चालू मंडलातील सिग्नल तेथे चालत नाही. व्हेरिलॉगमधील ‘जेनव्हार’ हा आवर्तनाचा चल सिम्युलेशनच्या वेळी अस्तित्वातच नसतो. ३२ बिटांचा बेरीजकारक हवा असल्यास एका बिटाच्या पूर्ण बेरीजकारकाचे वर्णन एकदाच लिहितात. आवर्तनातून त्याच्या ३२ प्रती तयार होऊन प्रत्येकीचा हातचा पुढच्या प्रतीला जोडला जातो. पॅरामीटर ६४ केला, की तेच वर्णन ६४ बिटांना पुरते. अट असत्य ठरल्यास त्या शाखेतील मंडल प्रतिमानात येतच नाही. ‘इफडेफ’ ही पूर्वप्रक्रियेची सूचना मात्र केवळ मजकूर गाळते. तिला पॅरामीटरची मूल्ये कळत नाहीत.

नोएडातील उपयोग : दिल्लीलगतचे नोएडा हे भारतातील चिपरचनेचे एक प्रमुख केंद्र आहे. प्रभू गोयल यांच्या गेटवे डिझाइन ऑटोमेशन या कंपनीत व्हेरिलॉगचा जन्म झाला. कॅडेन्स या कंपनीने १९८९ मध्ये ती विकत घेतली. याच कॅडेन्सचे, तसेच सिनॉप्सिस व एनएक्सपी या कंपन्यांची केंद्रे नोएडात, तर एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचे ग्रेटर नोएडात आहे. एकच घटक वेगवेगळ्या बिट-रुंदीच्या चिपांत पुन्हा वापरता यावा, यासाठी अशा उद्योगात ही रचना सर्रास वापरतात.