प्रोसेसर-गणना (संगणक-सूचीतील)

संस्थेतील संगणकांची यादी आपोआप तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रत्येक यंत्रातील प्रोसेसर मोजण्याची रीत. मोजायच्या गोष्टी तीन : सॉकेटमध्ये बसवलेल्या चिप्स, त्यांतील कोअर आणि कोअर एकाच वेळी सांभाळतो ते थ्रेड. तिन्हींना सर्रास ‘सीपीयू’ म्हणतात; निम्मा घोळ तिथेच होतो.

पूर्वी हे तिन्ही आकडे सारखेच येत. २००१ मध्ये आयबीएमच्या पॉवर ४ चिपमध्ये दोन कोअर आले. २००२ मध्ये इंटेलच्या हायपर-थ्रेडिंगमुळे एकच कोअर ऑपरेटिंग सिस्टीमला दोन भासू लागला आणि जुन्या साधनांच्या यादीत दोन चिप्सचा सर्व्हर चार प्रोसेसरांचा झाला.

लिनक्समधील ‘सीपीयूइन्फो’ ही फाइल नवख्याला हमखास चकवते. प्रत्येकी आठ कोअरच्या दोन चिप्स असतील आणि हायपर-थ्रेडिंग चालू असेल, तर तिच्यात ‘प्रोसेसर’ या नावाच्या ३२ नोंदी दिसतात; हे थ्रेड होत. वेगवेगळे ‘फिजिकल आयडी’ मोजले की चिप्स मिळतात. कोअरसाठी मात्र ‘फिजिकल आयडी’ व ‘कोअर आयडी’ यांच्या वेगवेगळ्या जोड्या मोजाव्या लागतात, कारण कोअरचे क्रमांक प्रत्येक चिपमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. नुसते ‘कोअर आयडी’ मोजले तर १६ ऐवजी ८ भरतात. या क्रमांकांत मध्येच खाडेही असतात, म्हणून शेवटचा क्रमांक पाहून अंदाज बांधणे चूक. एआरएम यंत्रांवर या फाइलीत हे रकानेच नसतात. तिथे लिनक्सच्याच ‘सिसएफएस’ या फाइल-व्यवस्थेतील रचनेची माहिती वाचावी.

बायोसच्या तक्त्यात रिकाम्या सॉकेटलाही ओळ असते, त्यामुळे ओळी मोजून चिप्सची संख्या ठरत नाही. गुणाकाराचाही भरवसा नाही. इंटेलच्या कोअर आय९-१२९००के या चिपमध्ये आठ कोअर प्रत्येकी दोन थ्रेडचे आणि आठ एकेका थ्रेडचे आहेत : कोअर १६, थ्रेड २४. सोळा दुणे बत्तीस करणारे साधन इथे तोंडघशी पडते.

आभासी यंत्रातले सॉकेट आणि कोअर व्यवस्थापकाने मांडून दिलेले असतात. ते मूळ यंत्राच्या बेरजेत धरू नयेत. परवान्याचा हिशेबही वेगळा ठेवावा. विंडोज सर्व्हर २०१६ पासून परवाना कोअरवर मोजतात आणि सर्व्हरमागे किमान १६ कोअर धरतात, मग यंत्रात चारच का असेनात. यादीत चारच लिहावेत.

कोअर कशाला म्हणावे, हा वाद कोर्टातही गेला. एएमडीच्या २०११ मधील बुलडोझर रचनेत दोन-दोन कोअर अपूर्णांकांची आकडेमोड करणारा एकच भाग वाटून घेत. आठ कोअर म्हणून विकलेल्या चिपबद्दल ग्राहकांनी दावा लावला. २०१९ मध्ये कंपनीने १ कोटी २१ लाख डॉलरवर तडजोड केली. या दाव्यातील एफएक्स-८३५० ही चिप विंडोज १० मात्र चार कोअर आणि आठ थ्रेड अशी दाखवते.