लक्ष्मीचं कर्ज

मागच्या शनिवारी कपाट आवरताना गृहकर्जाची फाईल हातात आली. कर्जाच्या करारावर आम्हा दोघांच्या सह्या. हप्त्यात दोघांचे पगार. पण फ्लॅटच्या करारनाम्यावर नाव एकट्या माझं! खरेदीच्या वेळी बायको ऑनसाइट होती, "तुझं नाव नंतर टाकू" म्हणालो आणि ते राहूनच गेलं. म्हणजे मी उद्या हप्ते थकवले तर बँक तिच्याकडून सगळी रक्कम मागू शकते. घर मात्र तिचं नाही. पाच वर्षं हा बग माझ्या लक्षात आला नव्हता.

आणि मग आजी आठवली.

माझं आजोळ अकोल्याजवळ, काळ्या मातीतलं, कपाशीचं. एका पेरणीला आजोबांनी आजीच्या पाटल्या गहाण टाकल्या, त्या सुटल्या नाहीत. आजोबांनी सोसायटीचं कर्ज फेडलं, सावकाराचं फेडलं. पाटल्यांचं काय, असं मी एकदा विचारलं तर आजी हसून म्हणाली, "पाटल्या काय सातबाऱ्यावर चढतेत का रे पोट्ट्या?"

हा हिशेब तसा फार जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत म्हटलंय की नवऱ्याचं कर्ज बायकोने फेडायची गरज नाही, कुटुंबासाठी काढलेलं असेल तर गोष्ट वेगळी. वाचून बरं वाटतं. पण त्याच स्मृतीत पुढे असंही आहे की दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा कैद अशा वेळी घेतलेलं स्त्रीधन नवऱ्याने परत केलं नाही तरी चालेल. आता वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला अडचणीचं साल कुठलं नसतं, सांगा?

याला सरळ 'कर्ज' म्हटलं ते शरद जोशींनी. संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली स्वित्झर्लंडची नोकरी सोडून शेतकरी झालेला हा माणूस. १९८०च्या दशकात त्यांची शेतकरी संघटना सरकारकडे कर्जमुक्ती मागत होती. नोव्हेंबर १९८९ मध्ये अमरावतीच्या अधिवेशनात त्यांनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम दिला. मांडणी साधी होती: सरकारकडे कर्जमुक्ती मागतोस ना, मग तुझ्या घरच्या लक्ष्मीचं जे कर्ज तुझ्यावर आहे ते आधी फेड. थोडी का होईना, जमीन तिच्या नावावर कर. ज्या गावात शंभर कुटुंबं हे करतील ते 'लक्ष्मीमुक्ती गाव'.

पुढे १९९२ मध्ये शासनाने परिपत्रक काढलं: नवऱ्याने अर्ज केला तर त्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागेल.

पण मेख बघा, अर्ज नवऱ्याने करायचा! बहुतेकांनी तो केलाच नाही. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क दिला, पण नवरा जिवंत असताना त्याच्या जमिनीत बायकोला आपोआप वाटा आजही नाही. याची किंमत आत्महत्यांच्या काळात दिसली. २००६ मध्ये पंतप्रधानांनी अमरावती, अकोल्यासह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना ३७५० कोटींचं पॅकेज दिलं. पण ज्या बाईने जन्मभर ते शेत निंदलं तिला नवरा गेल्यावर आधी वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालावे लागायचे. नावावर जमीन नाही, तर नवं पीककर्ज कुठून मिळणार?

असो. आपण आयटीवाले खर्च अर्धा-अर्धा वाटून घेतो, स्प्रेडशीट ठेवतो आणि स्वतःला फार पुढारलेले समजतो. पण कर्जाच्या कागदावर ज्यांची नावं आहेत, त्यांचीच नावं मालमत्तेच्या कागदावर आहेत का, हे कितीजणांनी तपासलंय?

महाराष्ट्रात राहतं घर बायकोला बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. कर्ज चालू असेल तर बँकेची संमती लागते. सोमवारी सुट्टी टाकलीये. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "आणि आजीच्या पाटल्यांचं काय?"

त्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.