वडिलांचं भिंग

निवृत्तीच्या फंडातून मी डिजिटल लायका घेतला, नि त्याला वडिलांचं जुनं, आट्यांचं भिंग लावलं. ‘नव्या नवरीला आजेसासूचं लुगडं!’ सौ. म्हणाली.

पण वेट्झलारची लायकावाली मंडळी जुन्याला धरून असतात. त्यांच्या भिंगांना आधी ३९ मिलिमीटरच्या आट्या असत. १९५४ साली एम-३ कॅमेरा आला, तेव्हा खट्‌कन बसणारी खाच आली. आट्यांच्या भिंगांसाठी मधलं कडंही मिळू लागलं. २००६ सालच्या एम-८ मध्ये फिल्म उरली नाही, तरी खाच तीच!

आईसमोर बसलो. रेंजफाइंडरात दोन आया दिसल्या. जुळवून एक केली. भिंगाला मोतीबिंदू झालेला, त्यामुळे फोटो धूसर आणि सुरकुत्या गायब.

आईने फोटो बराच वेळ न्याहाळला. ‘ह्यांनीच काढलाय ना?’

मी ‘हो’ म्हटलं.