नाणेघाटातली पावलं

रेडिओवर शिल्पकलेविषयी बोलायचं म्हणजे जरा विचित्रच. ना तुम्हाला दगड दिसणार, ना मला तुमचे चेहरे. पण श्रोतेहो, आज मला डोळ्यांविषयी बोलायचंच नाही. हाताविषयी बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी आमचे एक स्नेही मला म्हणाले, "भाई, नाणेघाट नाणेघाट म्हणून इतकं सांगता, एकदा मलाही दाखवा की." हे स्नेही संगीताचे निवृत्त शिक्षक आहेत आणि जन्मापासून दृष्टिहीन आहेत. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. 'दाखवा' हा शब्द ते अगदी सहज वापरतात, चपापतो तो आपणच. जुन्नरहून पश्चिमेला, घाटघरच्या बाजूला आम्ही जीपने निघालो. घाटाच्या तोंडाशी तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकत, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. गुरुजींनी दोन्ही हात त्याच्या काठावरून फिरवले, मग पोटावरून, मग कोपरापर्यंत आत घातले. म्हणाले, "जोड नाही कुठे. एकाच दगडातून काढलाय." मी तो रांजण निदान दहा वेळा पाहिला असेल. जोड आहे की नाही, हे कधी माझ्या मनातही आलं नव्हतं.

तिथून थोडं खाली उतरलं की ते लेणं लागतं. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. सातवाहनांची राणी नागनिका, तिच्या घराण्यानं केलेले यज्ञ, अश्वमेध, दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नावाची नाणी. हा सगळा हिशेब त्या लेखात आकड्यांनिशी मांडलेला आहे. भारतातले इतके जुने कोरलेले आकडे फार थोड्या ठिकाणी सापडतात. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स यांनी हा लेख जगापुढे आणला. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी तो वाचला.

खरी हुरहुर लावते ती मात्र समोरची भिंत. तिच्यावर एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरलेले होते. सिमुक सातवाहन, देवी नायनिका म्हणजेच आपली नागनिका, तिच्या शेजारी राजा सातकर्णी, पुढे कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी. ज्याच्या त्याच्या डोक्यावर ज्याचं त्याचं नाव. नावं आजही वाचता येतात, पण माणसं गेली. खाली कुठेकुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

मी गुरुजींचा हात धरून त्या खुणांवर ठेवला. ते बराच वेळ चाचपत राहिले. "हे पाऊल आहे, ते तुम्ही सांगता म्हणून," म्हणाले. मग त्यांनी लेखाकडे हात नेला आणि मी तो अडवला. दोन हजार वर्षांचा पाऊस-वारा त्या अक्षरांनी सोसलाय. हाताचा घाम आणि तेलकटपणा दगडाला सोसत नाही. शिवाय अशी नाजूक अक्षरं एकानं चाचपली की दुसरा चाचपणार. हे सगळं मी समजावून सांगितलं. गुरुजी रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हणजे हे तुमच्यासाठी जपून ठेवलंय तर."

ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

आपल्याकडे दगड नुसता पाहायचा नसतोच. पंढरपूरला माणसं तासन् तास रांगेत उभी राहतात ती विठोबाच्या पायांना हात लागावा म्हणून. त्या स्पर्शानं पाय झिजतात. झीज थांबावी म्हणून मूर्तीवर वेळोवेळी लेप द्यावा लागला आहे. प्रेमानं दगड झिजतो आणि हात लावू न द्यावा तर माणूस झिजतो. आमच्या घरात मूर्ती नव्हती. कोरलेली वस्तू म्हणून मला माहीत होता तो कबरस्तानातला आजोबांच्या उशाशी रोवलेला दगड. त्यावरचं त्यांचं नाव वाचता येण्याआधी मी ते बोटानं गिरवत असे. आजोबांचा चेहरा मला आठवत नाही. त्या खोलगट अक्षरांचा गारवा मात्र बोटाला आठवतो. नाणेघाटात गेलो की मला तो दगड का आठवतो, हे वेगळं सांगायला नको.

मग संग्रहालयं आली आणि त्यांच्याबरोबर 'हात लावू नये' ही पाटी आली. पाटी चुकीची नाही, पण तिनं काही माणसांना कायमचं दाराबाहेर ठेवलं. इटलीतल्या अँकोना गावी एका अंध दांपत्याच्या पुढाकारानं 1993 मध्ये हातांनी पाहायचं संग्रहालय सुरू झालं. म्युझिओ ओमेरो त्याचं नाव. ओमेरो म्हणजे होमर, आंधळा मानला गेलेला कवी. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2015 मध्ये 'अनुभव' हे दालन उघडलं. तिथे मूळ वस्तूंच्या प्रतिकृती हाताळता येतात.

त्याच 1993 साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये टॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी या दोघांनी 'फँटम' नावाचं यंत्र बनवलं. संगणकानं उभं केलेलं आभासी जग तोवर मुख्यत्वे डोळ्यांचं होतं. डोक्यावर चढवून आभासी चित्रं पाहायचं उपकरण आयव्हन सदरलँड यांनी 1968 मध्येच करून दाखवलं होतं. फँटमनं ते जग बोटापर्यंत आणलं. शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या टोपणात बोट घालायचं. ते एका छोट्या दांडीला जोडलेलं. हवेत बोट फिरवताना संगणकातल्या वस्तूचा काठ आला की मोटर बोटाला मागे रेटते. तिथे काही नसतं आणि तरी बोट अडतं. यातली गंमत अशी की डोळ्याला फसवायला सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं पुरतात, सिनेमा त्यावरच चालतो. बोटाला कठीण वस्तूचा भास द्यायचा तर तो रेटा सेकंदाला सुमारे हजार वेळा बदलावा लागतो. हाताला फसवणं इतकं अवघड आहे.

पुढे इटलीतल्या पिसा इथल्या संशोधकांनी 'म्युझियम ऑफ प्युअर फॉर्म' हा प्रकल्प केला. दंडाला यंत्र बांधून समोर नसलेल्या शिल्पावरून बोट फिरवायचं. 2018 मध्ये प्रागच्या नॅशनल गॅलरीत अंध प्रेक्षकांना खास हातमोजे देऊन मायकेलँजेलोचा डेव्हिड, मिलोची व्हीनस आणि राणी नेफरतीती 'दाखवली' गेली. त्या मोज्यांत बोटांना कंपनं जाणवतात. दगडाचा गारवा, त्याचं वजन काही जाणवत नाही. पण जो डेव्हिड पाच मीटरहून उंच आहे, त्याच्या गालापर्यंत कुणाचा हात पोचणार होता?

आता मुद्दा आपल्या घाटाचा. डेव्हिड जागेवर उभा आहे. स्टॅनफर्डच्या लोकांनी 1999 मध्ये लेझरनं त्याची मापं घेतली, ती पाव मिलिमीटरपर्यंत बारीक. नाणेघाटातल्या लेखाचीही अशी मापं घेता येतील आणि एकेक अक्षर तळहाताएवढं करून गुरुजींच्या बोटाखाली देता येईल, मूळ दगडाला कुणाचा हात न लागता. हे व्हावं आणि लवकर व्हावं, कारण तो दगड थांबणार नाही. पण नागनिकेचं काय? मोह होणार, मला ठाऊक आहे. कुणीतरी हौशी मंडळी त्या रिकाम्या भिंतीवर राणी उभी करतील. सिनेमातल्यासारखा नाकीडोळी नीटस चेहरा, अंगावर दागिने, आणि मोजा घालून म्हणतील, लावा हात. चित्र खोटं असू शकतं हे डोळ्याला अनुभवानं कळलेलं असतं. हात मात्र लागलं ते खरं मानतो. ज्यांनी कधीच काही पाहिलेलं नाही, त्यांच्या हातात आपण आपल्या कल्पनेतली राणी देणार आणि तिला इतिहास म्हणणार! माझं मत विचाराल तर मोज्यात ती झिजलेली पावलं द्या. वरचं नाव द्या. आणि मधे हाताला काहीच लागू नये, निव्वळ पोकळी लागावी.

उभंच करायचं असेल तर शेजारच्या तालुक्यात काम आहे. आंबेगाव तालुक्याला ज्याचं नाव आहे ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार चालतो घोडेगावातून. त्या जुन्या गावात वावरलेली माणसं आज म्हातारी झाली आहेत. उंबरा किती उंच होता, जात्याचा खुंटा कुठल्या हाताला येई, हे त्यांचे तळहात आणि पाय सांगतील. यंत्रात गाव चुकीचं उभं राहिलं तर एखादी आजी ठणकावून म्हणेल, "नाही रे बाबा, पायरी याहून उंच होती." नागनिकेच्या बाबतीत असं म्हणणारं कुणी नाही. पण या आज्यासुद्धा किती दिवस असणार?

त्या दिवशी परतताना जीपमध्ये गुरुजी गप्प होते. मला अपराधी वाटत होतं. मी त्यांचा तळहात मागून घेतला आणि त्यावर बोटानं ब्राह्मी अक्षरं काढायला लागलो. आडव्या रेघेवर एक उभी रेघ, तो न. अधिकाच्या चिन्हासारखा तो क. आडवी एक रेघ म्हणजे एक, खाली दुसरी काढली की दोन. ते हसले, "हे तर फारच सोपं." मग ना, य, नि, का असं सगळं नाव काढलं, दोनदा. जुन्नर यायच्या आधी त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि माझ्या तळव्यावर ते नाव लिहून दाखवलं. य चुकला होता. मी पुन्हा काढून दाखवला.